दाराबाहेरची आजी

माझा नातू झोपायच्या आधी माझे पाय चाचपून बघतो. पांघरुणात शिरला की सरळ खाली सरकतो. तळवा, घोटा, पोटरी असं सगळं तपासून होतं, "शेपटी नाही" असं स्वतःशीच पुटपुटतो आणि मग वर येऊन कुशीत शिरतो. गेलं वर्षभर हे चाललंय. आता तो पाच वर्षांचा आहे. त्याच्या दोघी बहिणींपैकी मधली सात वर्षांची आणि थोरली दहाची. सुट्टीत तिघंही माझ्याकडे असतात आणि रात्री एकाच गादीवर आम्ही चौघं आडवेतिडवे पडतो.

हे पाय तपासणं सुरू झालं एका चित्रपुस्तकामुळे. नाव 'लोन पो पो'. एड यंग या चित्रकाराने चिनी लोककथेवरून लिहिलेलं आणि स्वतःच चितारलेलं हे पुस्तक १९८९ साली अमेरिकेत निघालं. लोन म्हणजे लांडगा आणि पो पो म्हणजे आजी, तीही आईची आई. चिनी भाषेत आईच्या आईला आणि वडिलांच्या आईला वेगवेगळे शब्द आहेत. आपल्याकडे दोघीही आजीच. मी या मुलांच्या आईची आई, म्हणजे नेमकी पो पो. पुस्तक हातात घेऊन मी त्यांच्याशेजारी पडते तेव्हा गोष्टीतल्या लांडग्याच्याच जागी पडलेली असते, हे पहिल्यांदा वाचताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धाकट्याच्या मात्र लगेच आलं.

गोष्ट अशी. एका गावात आई आपल्या तीन मुलींसोबत राहते: शांग, ताओ आणि पाओत्झे. आजीचा वाढदिवस आहे म्हणून आई तिच्याकडे निघते आणि मुलींना बजावून जाते, की सूर्य मावळला की दार घट्ट लावून घ्या. जवळपास राहणारा एक म्हातारा लांडगा आईला जाताना बघतो. अंधार पडल्यावर तो म्हातारीच्या वेशात येऊन दार ठोठावतो. शांग आतून विचारते, आवाज असा घोगरा का? म्हणे सर्दी झालीय. आई तर तुझ्याकडेच आली आहे ना? म्हणे वाटेत चुकामूक झाली असेल. दोघी धाकट्यांना काही धीर धरवत नाही. आजी आली म्हणताना त्या कडी काढतात. लांडगा आत शिरतो आणि पहिलं काम काय करतो, तर मेणबत्ती फुंकून टाकतो.

ते पान आलं की मी थांबते. पूर्वी थांबत नव्हते. थोरलीनेच एकदा माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी, एवढ्यात नको उलटूस." एड यंग यांनी हे पुस्तक जलरंगात आणि पेस्टलमध्ये रंगवलंय, आणि बरीचशी पानं उभ्या पट्ट्यांमध्ये विभागली आहेत. जुन्या चिनी घरांमध्ये घडीचे पडदे असायचे तशी. एक चित्र एका पट्टीत मावत नाही, ते दुसरीत वाहून जातं, कधी तिसरीतही. त्यामुळे लांडगा एका पट्टीत आहे म्हणजे शेजारच्या पट्टीतल्या मुली सुरक्षित आहेत, असं होत नाही. मधे रेघ आहे, पण ती भिंत नाही. मुलांना हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांची बोटं आपोआप रेघेवरून पलीकडे जातात.

आणि अंधार! मुलांच्या पुस्तकांत अंधार बहुधा निळा असतो, त्यात एक चांदणी असते, खिडकीत हसरा चंद्र असतो. या पुस्तकातला अंधार तसा नाही. तो धुरकट, मळकट आहे. त्यात डोळे शोधावे लागतात. मुलींचे चेहरे कधी पुरते दिसतात, कधी नुसती गालाची कड. मधलीने पहिल्याच पानावर डोंगराच्या आकारात लांडग्याचं तोंड शोधून काढलं आणि तेव्हापासून ती प्रत्येक पान आधी लांबून, डोळे बारीक करून बघते. आम्ही तिघं तोवर गप्प बसायचं, असा नियमच झालाय.

या गोष्टीचा खरा जीव मला तरी बिछान्यात दिसतो. लांडगा थकल्याचं निमित्त करतो आणि सगळे एकत्र झोपतात. शांग पाय ताणते तर पायाला शेपटी लागते. पो पो, तुझ्या पायावर हे झुडूप कसलं? लांडगा म्हणतो, तुमच्यासाठी टोपली विणायला ताग आणलाय. मग हाताला नख्या लागतात. हे काटे कसले? म्हणे तुमचे जोडे शिवायला आरी आणली आहे. प्रत्येक उत्तरात माया आहे, हे बघा. लांडगा एकदाही धमकावत नाही. तो टोपलीचं सांगतो, जोड्यांचं सांगतो, आजी सांगेल तेच सांगतो. लहान मुलांना फसवणारा माणूस कसा बोलतो, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं चित्रपुस्तक माझ्या वाचनात नाही. तरी मी वाचताना मध्येच थांबून "बघा हं, अनोळखी माणसांशी..." असं काही सुरू करत नाही. एकदा केलं होतं. तिघांचेही चेहरे बंद झाले.

मग शांग मेणबत्ती लावते. क्षणभरच. लांडगा लगेच ती फुंकतो, पण तेवढ्यात तिने ते केसाळ तोंड पाहिलेलं असतं. आणि ती ओरडत नाही.

ही जागा थोरलीची. दरवेळी इथे ती माझ्या खांद्यावरून पुढे झुकते. एका रात्री तिने विचारलं, "तिला कळलं, तर तिने बहिणींना का नाही सांगितलं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या आणि मग त्याला कळलं असतं की हिला कळलंय." आणि मग बऱ्याच वेळाने, पुस्तक मिटल्यावर, अंधारात: "तिला एकटीलाच माहीत होतं, ना?" तू मोठी आहेस, तू समजून घे, हे तिला घरात दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं ते मला ठाऊक आहे. मीही म्हणते. त्या रात्री मी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच वाचनांनंतर दिसली. दार ताओ आणि पाओत्झेने उघडलं. शांगच्या मनात शंका होती, ती प्रश्न विचारत होती, आणि या दोघींनी कडी काढली. तरी संपूर्ण पुस्तकात शांग त्यांना "तुमच्यामुळे झालं" असं एकदाही म्हणत नाही. आधी सुटायचं कसं ते बघू, बस. मोठ्या माणसांच्या किती घरांत हे जमतं?

सुटकेची युक्ती गिंकोच्या फळाची. शांग लांडग्याला विचारते, पो पो, तू गिंको खाल्लंयस का? बाळाच्या कातडीसारखं मऊ असतं, एकदा चाखलं की मरण नाही. पण ते झाडाच्या शेंड्यावर असतं. लांडग्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तिघी झाडावर चढतात आणि वरून सांगतात, की जादू हवी तर फळ झाडावरूनच तोडून खायला हवं. त्याला चढता येत नाही. मग टोपली आण, दोर आण, आम्ही ओढतो. पहिल्यांदा शांग एकटी ओढते आणि दोर सोडते. दुसऱ्यांदा दोघी ओढतात, पुन्हा दोर सुटतो. तिसऱ्यांदा तिघी मिळून त्याला जवळजवळ वरपर्यंत आणतात आणि सोडून देतात. टोपली विणायला ताग आणलाय म्हणणारा लांडगा शेवटी टोपलीतूनच पडतो, हे मधलीने शोधलं. माझ्या ध्यानातही नव्हतं.

गिंकोने आमचे दोन-तीन दिवस खाल्ले. डायनोसॉरच्या काळापासून पृथ्वीवर असलेलं हे झाड, पानं पंख्यासारखी, शरदात पिवळीधमक होणारी. यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फळासारखं जे दिसतं ते खरं तर बी, आणि त्याच्या बाहेरच्या गराला खवट लोण्यासारखा वास येतो, कारण खवट लोण्यात असतं तेच आम्ल त्यातही असतं. आतली कवचाची बी भाजून किंवा शिजवून चीनमध्ये खातात, पण फार खाल्ली तर विषबाधा होते, मुलांना तर लवकरच. थोरलीने हे ऐकून टाळीच वाजवली: "म्हणजे अमर होण्याचं खोटंच होतं, आणि वासही घाण!" लांडग्याने ते कधी खाल्लेलं नाही हे शांगने आधी विचारून घेतलं होतं, हे तिने मला पुन्हा पान उलटून दाखवलं. १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्यानंतर तिथली काही गिंको झाडं पुन्हा फुटली आणि आजही उभी आहेत, हे सांगितल्यावर मात्र तिघंही गप्प झाली.

मला स्वतःला त्या झाडाचं एक चिनी नाव फार आवडलं. गोंगसुन-शू, म्हणजे आजोबा-नातवाचं झाड. मादी झाडाला बी धरायला वीस-वीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. लावायचं आजोबाने आणि खायचं नातवाने. खोट्या आजीपासून पळून मुली चढतात कुठे, तर कुणा खऱ्या आजी-आजोबांनी लावलेल्या झाडावर. गोष्टीत असं कुठे म्हटलेलं नाही, पण मी वाचताना तसंच समजते.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वाचनाच्या वेळी मी रंगात आले होते. लांडग्याचा आवाज मी खोल, घोगरा काढला आणि तोही दिवा मंद करून. धाकटा तेव्हा चारचा. तो रडला नाही. तो नुसता उठला आणि गादीच्या दुसऱ्या टोकाला, बहिणींच्या पलीकडे जाऊन झोपला. मध्यरात्री मी पांघरूण घालायला गेले तर त्याने डोळे न उघडता माझ्या बोटांची नखं चाचपली. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या रात्री त्यानेच पुस्तक आणून दिलं, आणि मी घाबरून शेवट बदलला. लांडगा पडला, त्याला लागलं, तो विव्हळत जंगलात पळून गेला आणि पुन्हा कधी आला नाही, असं वाचलं. पुस्तक इंग्रजीत आहे, मी वाचता वाचता मराठीत सांगते, त्यामुळे कुणाला कळणार नाही असं मला वाटलं.

धाकट्याने विचारलं, "पळून गेला तर त्या झोपल्या कशा?"

कारण पुस्तकात पुढे असं आहे: तिघी लांडग्याच्या अगदी वरच्या फांद्यांपर्यंत उतरून खात्री करून घेतात की तो खरंच मेलाय. मग खाली येतात, घरात जातात, कडी लावतात आणि शांत झोपतात. मी लांडग्याला जंगलात जिवंत सोडला होता आणि मुलींना शांत झोपवलं होतं, आणि चार वर्षांच्या मुलाला ते पटत नव्हतं. त्याला लांडगा मेलेला हवा होता असं नाही. त्याला झोप हवी होती, आणि आपण झोपताना लांडगा कुठे आहे हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. मी पान मागे उलटलं, माझं चुकलं म्हणून सांगितलं, आणि जसं आहे तसं वाचलं: तो पडला आणि त्याच्या काळजाचे तुकडे झाले. धाकट्याने मान डोलावली. त्या रात्री तो माझ्या शेजारी झोपला. पाय मात्र आधी तपासले.

तेव्हापासून मी त्यातलं काही सौम्य करत नाही. आवाज साधा ठेवते, दिवा पुरता लावते आणि शब्द आहेत तसे सांगते.

पुस्तकावर हे चीनमधली 'लिटल रेड रायडिंग हूड', म्हणजे लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट, असल्याचं लिहिलंय. पाश्चात्त्य वाचकाला ओळख पटावी म्हणून ते ठीक, पण मी मुलांना तसं सांगत नाही. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच गोष्टीत मुलगी खाल्ली जाते आणि गोष्ट संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन गोष्टीत शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो. इथे कुणीही येत नाही. आई दुसऱ्या दिवशी येते, खऱ्या पो पोने दिलेला खाऊ घेऊन, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. ज्या गोष्टीत तिघी बहिणी स्वतःच सुटतात तिला, वाट चुकलेल्या एकट्या मुलीच्या गोष्टीचं नाव का द्यायचं?

चीनमध्ये ही कथा फार जुनी आणि फार रूपांची आहे. छिंग राजवटीच्या काळात ह्वांग चीच्युन या लेखकाने ती लिहून ठेवली, त्यात लांडगा नाही, म्हातारीचं रूप घेतलेली वाघीण आहे. तैवानमध्ये तीच वाघीण नात्याने आत्याआजी होऊन येते, आणि तिथल्या गोष्टीत रात्री अंधारात काहीतरी कुडुमकुडुम खाल्ल्याचा आवाज येतो. विचारलं तर म्हणते शेंगदाणे खातेय. ते शेंगदाणे नसतात. धाकट्या भावंडाची बोटं असतात. ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, थोरलीलाही नाही. कोरियात भावंडं झाडावर चढतात, आकाशातून दोर येतो आणि ती सूर्य-चंद्र होतात. २०१३ साली जमशीद तेहरानी या इंग्लंडमधल्या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरची अशी अठ्ठावन्न रूपं घेऊन, जीवशास्त्रात प्राण्यांची वंशावळ काढतात तशी या गोष्टींची वंशावळ काढली. त्यांच्या मते पूर्व आशियातल्या गोष्टींमध्ये दोन वेगळ्या कथा, एक लाल टोपीवाल्या मुलीची आणि दुसरी लांडगा आणि करडांची, तिथल्या स्थानिक कथांशी मिसळल्या आहेत. मला त्यात आनंद एवढाच, की दाराबाहेरून आईचा किंवा आजीचा आवाज काढणारं जनावर जगात सगळीकडे मुलांना ठाऊक आहे. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ अडवतो तेव्हा "लेकीकडे जाऊ दे" म्हणून ती स्वतःची सुटका करून घेते. तिथे आजी वाटेवर आहे आणि वाघ समोर उभा आहे. इथे वाघच आजी होऊन दारात आलाय. मधलीने या दोन्ही गोष्टी जोडून तिसरी केली आहे. त्यात खरी पो पो भोपळ्यात बसून वेळेवर पोचते. तिला कुणीतरी वेळेवर पोचायला हवं असतं, तिचं तसंच आहे.

एड यंग यांचा जन्म १९३१ चा, चीनमधल्या त्यानचिन शहरातला. बालपण गेलं शांघायमध्ये, आणि ते ऐन युद्धाच्या धामधुमीतलं. त्यांच्या वडिलांनी तिथे एक भक्कम घर बांधलं होतं आणि त्या काळात त्यात कितीतरी जणांना आसरा मिळाला. त्या घरावर त्यांनी पुढे २०११ साली एक सुंदर पुस्तक केलं. १९५१ साली ते अमेरिकेत गेले. 'लोन पो पो'ला १९९० चं कॅल्डेकॉट पदक मिळालं, हे तिथलं चित्रपुस्तकांसाठीचं सगळ्यात मानाचं पदक. २०२३ साली ते गेले. बाहेर काय चाललंय ते आत बसून नुसतं ऐकणारं मूल ज्याने स्वतः अनुभवलंय, त्यालाच दाराचं असं चित्र काढता येत असेल, असं मला वाटतं.

पुस्तक त्यांनी अर्पण केलंय ते जगातल्या सगळ्या लांडग्यांना. आपल्या आतल्या अंधाराला रूप देण्यासाठी त्यांनी आपलं चांगलं नाव उसनं दिलं, म्हणून. मी हे पान सुरुवातीला वाचतच नव्हते. एकदा धाकट्याने विचारलं, "लांडगा नेहमी वाईट असतो का?" तेव्हा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग त्यांचं नाव त्यांना परत दिलं का?" मला उत्तर आलं नाही.

आता थोरली स्वतः वाचून दाखवते. गेल्या सुट्टीत एका रात्री माझं खालचं आवरून होईतो तिघं वर खोलीत गेली होती. दिवा मालवून, विजेरीच्या उजेडात पुस्तक चाललं होतं. मी दाराशी पोचले तर आतून तिचा आवाज येत होता, दार ठोठावण्याचंच पान. दाराला कडी होती. मी दोनदा ठोठावलं.

आत एकदम शांतता.

"कोण आहे?" थोरली.

"मी आजी."

कुजबुज. मग मधली, मोठ्याने: "आवाज असा का?"

जिना चढून आले होते, दम लागला होता. तसं सांगितलं. पुन्हा कुजबुज. कडीवर कुणाचा तरी हात पडल्याचा आवाज आला, आणि लगेच धाकटा ओरडला, "थांब ना! आधी दिवा लावा. मग उघडा."

बटण दाबल्याचा आवाज झाला. दाराखालून उजेडाची पट्टी माझ्या पावलांवर आली. खाली फरशीला गाल टेकवून कुणीतरी फटीतून बघत होतं. मी पाय हलवले नाहीत. मग कडी निघाली.